चिनी गुलाबाच्या वाट्याचं ऊन

माणूस म्हातारपणी आडमुठा होतो, त्याला माझी हरकत नाही. माझा सासरा मरेपर्यंत दारातली बाज हलवू देत नव्हता. पण आमच्या ह्यांनी जे चालवलंय त्याला आडमुठेपणा म्हणत नाहीत. हे उन्हात बसतात. पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय म्हणून बसतात. मीच रोज काखेत हात घालून, तो मेलेला पाय फरफटत गॅलरीत आणून बसवते. पण ह्यांना बसायचं कुठं, तर बरोबर माझ्या कुंडीच्या पुढ्यात. गॅलरी आमची एक चटई अंथरली की भरणारी. ऊन येतं ते समोरचा नवा टॉवर आणि त्याच्या शेजारची पाण्याची टाकी यांच्या फटीतनं, आणि टिकतं किती, तर वरणाचा कुकर उतरून भाजी फोडणीला पडेपर्यंत. तेवढ्यात चिनी गुलाबाला फुलायचं असतं. तेवढ्यात उरकलं नाही तर कळी तशीच मिटलेली राहते आणि दुसऱ्या दिवशी चिकट होऊन गळते. आज मी ह्यांची खुर्ची भिंतीला लावली, कुंडी कठड्याच्या जाळीपाशी सरकवली, दोघांना वाटून मिळेल असं बघितलं आणि कुकर लावायला आत गेले. बाहेर येऊन बघते तर खुर्ची दोन फरशा पुढं. चांगला पाय टेकवून टेकवून पुढं घेतलेली. फरशीवर खुर्चीच्या रबराचे काळे ओरखडे उठले होते. ज्या माणसाला मी पाण्याचा पेला ओठाला लावते, कुशीवर वळवते, मिशीतलं शीत पुसते, तो माणूस मी आत गेले की खुर्ची चालवतो. आणि ह्यांची सावली भांड्यावर झाकण ठेवावं तशी नेमकी कुंडीवर. हे समोर टॉवरकडं बघत होते, त्या गावचेच नसल्यासारखे.

अंबुबाईला बोलता येत नाही असं या सोसायटीत कुणी म्हणणार नाही. पाण्याच्या टँकरवरून मी चेअरमनला लिफ्टमध्ये अडवून असं सुनावलं होतं की तो महिनाभर जिन्यानं गेला. पण ते काळे ओरखडे बघितले आणि जीभ टाळ्याला चिकटली. कुंडी तेवढी उचलून पलीकडच्या कोपऱ्यात ठेवली. तिथं ऊन जरा उशिरा पोचतं, पण पोचतं. कुंडी म्हणजे रंगाचा रिकामा डबा, तळाला खिळ्यानं भोकं पाडलेला. असे डबे, तेलाचे कापलेले कॅन, एक फुटकी बादली, सगळी गॅलरी भरली होती माझी. आता ही एकच उरली. तिच्यातही काड्या सगळ्या काळ्या पडल्यात, एकच जिवंत आहे, आणि त्या एकीच्या शेंड्याला आज किती दिवसांनी राणी रंगाची कळी धरली होती. कळी फुलली तर बोंड धरेल. बोंडावर टोपी असते, वाळली की आपोआप सुटते, आत बी, खसखशीहून बारीक, शिसपेन्सिलीच्या रंगाचं. ते बी कागदाच्या पुडीत बांधून ठेवलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत, त्याच्या पुढच्याही उन्हाळ्यापर्यंत राहतं. आज नाही फुलली तर संपलं. एवढं सगळं त्या वितभर उन्हावर टांगलेलं होतं आणि हे खुर्ची चालवत होते.

झाड समाधाननं आणलेलं. समाधान माझा धाकटा. दोन पावसाळे झाले त्याला जाऊन. चाकणला कंपनीत होता, कंत्राटी; गाड्यांचे पत्रे दाबायच्या प्रेसवर. सात महिने झाले की ब्रेक द्यायचे, पुन्हा बोलवायचे, नवं कार्ड गळ्यात. कंपनीच्या गेटाशी गोल वाफा होता म्हणे, त्यात हीच फुलं लावलेली. शिफ्ट सुटताना त्यानं वाकून दोन काड्या मोडल्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळून जेवणाच्या डब्यातनं आणल्या. मी डबा घासायला घेतला आणि उघडून बघते तर भाजीच्या तेलात माखलेल्या ह्या दोन पोरक्या काड्या. ‘ह्याला ऑफिस टाइम म्हणतात, आई,’ तो म्हणाला. ‘साहेबलोक आत आले की उघडतंय आन् दुपारी मिटतंय.’ मी म्हटलं, ‘मग तुला कशाला पायजे? तुझी तर कधी रात्रपाळी, कधी दिवसपाळी.’ तर म्हणाला, ‘मला न्हाई, तुला. तू बघ, आन् मला सांग.’ ‘गेटवर कुणी धरलं न्हाई?’ ‘धरतंय काय! पत्रा न्यायला लागलो तर धरतील. गवत कोण धरतंय?’ चोरून आणली हे एक बरं केलं त्यानं. मागून आणलेली काडी लागत नाही, आमच्याकडं माणदेशात हे लहान पोरालाही ठाऊक. कुणाला रोप द्यायचं झालं तरी आपण तोंड फिरवून उभं राहायचं, त्यानं मोडून न्यायचं, आपण बघितलंच नाही असं करायचं. मी तसं करून अख्ख्या बिल्डिंगला ही झाडं दिली. वाळूमिश्रित मातीत बोटानं भोक पाडायचं, काडी खोचायची, पाणी शिंपडायचं आणि विसरून जायचं. लोकांना वाटतं नवं झाड झालं. मला तसं कधी वाटलं नाही. ती काडी त्याच्या बोटांनी मोडलेली; तिची काडी, त्या काडीची काडी, मधे कुठं तुटलेलं नाही. या झाडाचं आयुष्य वर्षाचं. पण काडी लावत राहिलं तर त्याला मरायला जागाच सापडत नाही. त्याचे कपडे मी तिसऱ्या महिन्यात देऊन टाकले. बूट टाकी धुवायला येणाऱ्यानं नेले. फोन फुटकाच परत आला होता. माझ्याकडं त्याच्या हातचं एवढंच राहिलं, आणि ते रोज सकाळी उघडत होतं.

या झाडाला माया नको, ऊन पाहिजे. चांगली माती घातली तर नुसता पाला काढतं. पाणी जास्त झालं की बुडाशी मऊ पडतं आणि बोट लावलं की हातात येतं. उपाशी ठेवलं, तापवलं, की मग असं फुलतं की बघणाऱ्याला लाज वाटावी. मी वाळूसुद्धा समोरच्या टॉवरच्या ढिगाऱ्यातनं आणत होते, पदरात, भर दुपारी. वॉचमन हसायचा, ‘आजी, बंगला बांधता काय?’ त्याच वाळूनं तो टॉवर वर चढत होता आणि एकेक स्लॅब पडला की माझ्या गॅलरीतलं ऊन वरच्या बाजूनं कुरतडल्यासारखं कमी होत होतं. आधी नऊच्या सुमाराला यायचं, मग उशिरा, मग फटीपुरतं. गच्चीवर न्यावं तर गच्चीला कुलूप, सेक्रेटरी म्हणतो पोरं सिगरेटी ओढतात. झाडं मान लांब करून त्या फटीकडं झुकायला लागली. काड्या पिवळट, लांबुडक्या, दोन पानांत बोटभर अंतर. तळवडेच्या कारखान्यांकडनं वारा आला की पावडर कोटिंगचा करपट वास यायचा आणि त्या वासात मी काळ्या पडलेल्या काड्या उपटत बसायचे. ह्यांना झटका आला तो त्याच दिवसांत, एका सकाळी दाढी करताना. अर्धं तोंड साबणाचं, अर्धं कोरडं, आणि जे कोरडं तेच खाली ओघळलेलं. वाचा गेली. आता चार-पाच शब्द येतात, तेही वाटेल तेव्हा. ‘पाणी’ म्हणायचं असलं तर ‘गाडी’ म्हणतात, कधी नुसतं ‘ए’. मी सगळं समजून घेते. आणि मग एक दिवस डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ‘आजी, ह्यांना उन्हात बसवत जा,’ आणि एका फटीतल्या उन्हाला दोन धनी झाले. मी तेही वाटून दिलं. पहिलं घरधन्याचं, मग झाडाचं. कोणत्या बाईनं याहून वेगळं केलं असतं?

आणि तरी हे खुर्ची चालवतात. बोलायचंच ठरवलं तर माझ्याकडं बोलायला पुष्कळ आहे. दोन वर्षं दाताखाली धरलेलं आहे. हे पिंपरीच्या कंपनीत पर्मनंट होते, आणि सगळ्या नोकरीत ह्यांचा खाडा नाही. लग्नात हळद उतरायच्या आत कामावर. थोरली लेक विजयश्री झाली तेव्हा मी दवाखान्यात आणि हे मशीनवर. निवृत्तीला कंपनीनं शाल दिली, साहेब म्हणाला, ज्योतीराम म्हणजे घड्याळ. तेव्हापासून हे घड्याळासारखेच वागायला लागले. पोराला उठल्यावर पहिला प्रश्न, ‘आज कोणती पाळी?’ त्या दिवशी समाधान रात्रपाळी करून सकाळी आला होता. डोळे लाल, हाताला ग्रीसचा वास, चपला न काढता दारातच भिंतीला टेकून बसला. मी चहा ठेवला. तेवढ्यात ठेकेदार हिंदुरावचा फोन. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा गडी, आलेला नाही, ये राव, ओव्हरटाइम धरतो. समाधान म्हणाला, ‘न्हाई जमत भाऊ, डोळं उघडं राहीना.’ फोन ठेवला आणि तिथंच फरशीवर आडवा झाला, डबा उशाला घेऊन. मला अजून दिसतं, झोप त्याच्यावर अशी पडली की तोंड उघडंच राहिलं. हे आतनं आले. म्हणाले, ‘कुणाचा फोन?’ मी सांगितलं. म्हणाले, ‘पर्मनंट करायचं चाललंय आन् हे असं पसरतंय.’ मग पायानं, जोरात नाही, मी खोटं सांगणार नाही, नुसतं अंगठ्यानं त्याच्या खांद्याला डिवचलं. ‘ऊठ. खाडा करू नगं. झोप कुठं पळून जातीया?’ तो उठला. बापापुढं त्याचं तोंड कधी नव्हतंच. मी डबा भरून दिला. डबा भरायचं माझं काम, कुणी कुठंही निघालं तरी. तोंडावर पाणी मारून तो निघाला, आणि चाकणच्या चौकाच्या अलीकडं कंटेनर उभा होता, उभा, चालताही नव्हता, त्याच्या मागच्या बाजूला त्याची गाडी गेली. ब्रेकचा ओरखडासुद्धा रस्त्यावर नाही, पोलीस म्हणाला. ‘झोप लागली असणार बघा, आजी.’ हे शेजारी उभे होते. ह्यांनी ऐकलं. त्यानंतर ह्या घरात झोप हा शब्द कुणी काढला नाही. मी काढला असता तर हा माणूस जागच्या जागी संपला असता, आणि मग मी एकटीनं काय केलं असतं या दोन खोल्यांत? म्हणून बोलले नाही. याला कुणी दया म्हणेल, म्हणू दे.

कुंडी कोपऱ्यात ठेवली, गॅस बारीक केला आणि मी लिफ्टनं वर गेले. बाकी बिल्डिंगला दिलेली झाडं त्या टॉवरच्या सावलीत कधीच गेली होती. डोक्यात एकच होतं. सातव्या मजल्यावरच्या मिनलनं माझ्याकडनं काडी नेली होती, गेल्या वर्षी, मी तोंड फिरवलेलं असताना. ती जगलेली असली तर मग इथली कळी फुलो नाहीतर न फुलो. सातव्या मजल्यावर ऊन आहे, टॉवरच्या बाजूनं वळून येतं. मिनल तळवड्याच्या आयटीत आहे, बऱ्याचदा घरूनच काम करते. दार उघडलं तेव्हा कानाला ते लावलेलं होतं. ‘आजी! या ना, या. एक मिनिट हं, मी म्यूट करते.’ मी सरळ गॅलरीत गेले. ऊन असं सांडलं होतं तिथं. नुसतं सांडलेलं, कुणाच्या उपयोगाचं नाही. खाली हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलेलं, त्यावर बसायला वेताचे दोन मोडे, आणि भिंतीला टांगलेली कापडाची फुलं. मी जाळीपाशी बघितलं, मोड्यांच्या मागं बघितलं.

‘माझी काडी कुठाय गं?’

‘अय्या, आजी, ते ना... ते गेलं ओ. मी तुम्हाला सांगणारच होते. खरं सांगते, मी रोज पाणी घालत होते. एक दिवस चुकवला नाही. घरी गेले तेव्हा बहिणीला किल्ली देऊन गेले होते.’

‘रोज?’

‘रोज! सकाळ-संध्याकाळ.’

‘मग मरंल न्हाई तर काय करंल बिचारं? बुडवून मारलंस तू त्याला.’

ती हसली, मग माझं तोंड बघून म्हणाली, ‘दुसरं मागवू का? ऑफिस टाइमच ना? ऑनलाइन सगळे रंग मिळतात आजी, घरपोच देतात.’

‘मला रंग नकोत.’

‘बरं, मग तुमची कुंडी इथं आणून ठेवा ना. तुमच्याकडं ऊन नाही म्हणत होतात. इथं बघा किती आहे, मला तर स्क्रीनवर काही दिसतच नाही, पडदे लावून बसावं लागतं. मी हातसुद्धा लावणार नाही, तुम्हीच येऊन पाणी घाला.’

मी ‘बघू’ म्हटलं आणि बाहेर पडले. मला कुणाचं काही अंगावर ठेवून घेतलेलं चालत नाही. आयुष्यात शेजारणीकडं विरजणसुद्धा मागितलेलं नाही. पण लिफ्टचं दार बंद झालं आणि त्या पत्र्याच्या खोक्यात एकटी उभी असताना मी मनात कबूल करून टाकलं. न्यायची कुंडी वर. आजच. फडक्यानं डबा पुसून न्यायची, बायकांनी काय बोलायचं ते बोलू दे, अंबुबाई सातव्या मजल्यावर ऊन मागायला जाते म्हणून. कळी फुलेल. बोंड धरेल. मी रोज वर जाईन, मिनल त्या कानातल्याशी बोलत राहील, मी मोड्यावर बसेन, बघेन. ‘तू बघ, आन् मला सांग,’ म्हणाला होता. सांगायला कुणी राहिलं नाही म्हणून बघणं काही चुकत नाही. खाली उतरेपर्यंत मला अंगात बारीक घाईसुद्धा झाली होती, लग्नघरात असते तशी. इतक्या दिवसांत मी अशी लगबगीनं चालले नव्हते. किल्ली कुलपात दोनदा चुकली.

खुर्ची कोपऱ्यात होती. ह्या भिंतीपासून त्या कोपऱ्यापर्यंत, आडवी, सगळ्या फरशांवरनं ओरखडे. ऊन तिथं पोचलं होतं, नुकतंच, ह्यांच्या पाठीवर पडलं होतं, बंडीची घामानं ओली झालेली बाजू चमकत होती. धाप लागली होती. सावलीनं भागलं नसावं, म्हणून हे खाली वाकले होते, पडतील एवढे वाकले होते, आणि चांगला हात डब्यात घातला होता. मी आधी ह्यांना धरलं. चाळीस-बेचाळीस वर्षांची सवय, आधी माणूस धरायचा. मग तो हात बाहेर ओढला. मूठ आवळलेली. एकेक बोट उघडावं लागलं. या हातात अजून किती ताकद आहे हे मला तेव्हा कळलं. आत हिरवा लगदा. त्या काडीत पाण्याशिवाय असतं काय? बोटांच्या फटीतनं पाणी मनगटावर ओघळलं होतं, आणि तळव्याला मधोमध राणी रंग लागला होता, लाल नव्हे, गुलाबी नव्हे, आत मिटून बसलेला होता तोच. कळी आजच फुलणार होती. पाकळ्या रंग सोडण्याइतक्या तयार झाल्या होत्या. मी खोचता येईल एवढं काही राहिलंय का म्हणून ते चिवडून बघितलं. डब्यात काळे खुंट. एकही नाही, पेरभर नाही.

‘का?’ मी म्हटलं. ‘काय केलं होतं हो त्यानं तुमचं?’

हे माझ्याकडं बघत होते. झटक्यानंतर पहिल्यांदा असे बघत होते, दोन्ही डोळ्यांनी, ओघळलेल्यासुद्धा. तोंड हललं. लाळ आली, ती मी पुसली नाही. मग शब्द आला, दुसऱ्या कशाच्या ऐवजी आलेला नव्हे, तोच शब्द, स्वच्छ.

‘उघडतं,’ म्हणाले. आणि परत, छातीतनं ओढून काढल्यासारखं, ‘रोज... उघडतं.’

समोर टॉवरवर कुणीतरी ग्राइंडर चालवत होतं. मला वाटलं होतं झाड माझं एकटीचं आहे. हा माणूस कधी त्याच्याकडं वळूनसुद्धा बघत नाही असं वाटलं होतं. आणि हे दोन वर्षं रोज सकाळी बघत होते. मी फुलं मोजत हसायचे तेव्हा बघत होते, मी देवाला दोन वाहायचे तेव्हा बघत होते, आणि त्या उघडणाऱ्या प्रत्येक फुलात ह्यांना ती दारातली फरशी दिसत होती. झाकायचा प्रयत्न करून झाला, झाकता येईना, म्हणून मूठ. कळलं मला. सगळं कळलं, आणि कळल्यानं छातीत काही हललं नाही. एवढ्या दिवसांत मी ह्यांना कशापासून वाचवत होते? ह्यांना तर ठाऊकच होतं. हे वाट बघत होते, कुणीतरी एकदा बोलेल म्हणून. आणि मी बोलत नव्हते म्हणून फूल बोलत होतं. आता फूल नाही. मी ह्यांचा तो रंगलेला तळवा ह्यांच्या मांडीवर नीट ठेवला, पदर खोचला, आणि ह्यांच्या अंगावरच्या उन्हातनं मागं सरकून उभी राहिले.

‘त्याला झोपू दिलं न्हाईत तुम्ही,’ मी म्हटलं. ‘आन् ह्याला उघडू दिलं न्हाईत. बसा आता. ऊन जाईस्तवर बसा, ऊन गेल्यावरबी बसा. मी काय तुम्हाला उठवायची न्हाई.’